शिकारी-संकलकांचा आहार अवशेषांवरून कसा मांडावा : दमदम्याच्या निमित्ताने

मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीपूर्व काळातील शिकारी-संकलकांच्या, वसाहतीच्या उत्खननातून हाडे बाहेर आली की ही माणसे काय खात होती, हा प्रश्न लगेच विचारला जातो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर प्राण्यांच्या यादीने दिले जाते : चितळ, नीलगाय, रानडुक्कर, कासव, मासे. ही यादी खोटी नसते, पण ती आहाराची यादीही नसते. माणसांनी टाकलेल्या, कोल्ह्या-तरसांनी चघळलेल्या, मातीने बव्हंशी जिरवलेल्या आणि अखेरीस उत्खनकाच्या चाळणीत अडकलेल्या वस्तूंची ती यादी असते. तिच्यावरून आहारापर्यंत पोहोचायचे असेल तर प्रत्येक प्रकारच्या पुराव्याला त्याच्या आवाक्यातला प्रश्नच विचारावा आणि त्या पुराव्याची खोड आधी ओळखून मगच त्याचे उत्तर स्वीकारावे. पुढील मार्गदर्शन या एका सूत्रावर बेतलेले आहे. ते पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि उत्खननात हात घालणारे हौशी अभ्यासक यांच्यासाठी आहे.

उदाहरणासाठी गंगेच्या मैदानातील दमदमा हे स्थळ घेतले आहे. उत्तर प्रदेशातील प्रतापगड जिल्ह्यात असलेल्या या स्थळाचे उत्खनन अलाहाबाद विद्यापीठाने १९८२ ते १९८७ या काळात केले. सुमारे दीड मीटर जाडीच्या थरांतून चुली, सूक्ष्मास्त्रे (दगडाची बारीक पाती), दळण्या-वाटण्याचे दगड, हाडांची हत्यारे, प्राण्यांची असंख्य हाडे आणि ४१ दफने मिळाली. येथील काही रेडिओकार्बन दिनांक साडेआठ ते नऊ हजार रेडिओकार्बन वर्षांपूर्वीच्या दरम्यान येतात. प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पी. के. थॉमस, प्रमोद जोगळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, जळलेल्या वनस्पतींचा मुकुंद काजळे यांनी आणि मानवी दातांचा जॉन लुकाक्स व जे. एन. पाल यांनी. हाडे, बिया, दात आणि दगड असे चारही धागे एकाच स्थळी हाती येणे भारतात दुर्मीळ आहे, म्हणून पद्धत समजून घ्यायला हे स्थळ सोयीचे पडते.

माती चाळण्याआधी

आहाराचा अभ्यास प्रयोगशाळेत सुरू होतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो कोणती माती फेकून द्यायची या निर्णयापासून सुरू होतो. उत्खननाच्या आराखड्यातच प्रत्येक चूल, प्रत्येक खड्डा, राखेचा प्रत्येक पट्टा आणि जमिनीचा प्रत्येक थर यांतून किती लिटर माती घ्यायची हे ठरवावे. साधारणपणे अशा प्रत्येक जागेतून (पुरातत्त्वात तिला 'संदर्भ' म्हणतात) २० ते ४० लिटर माती पाण्यात तरंगवण्यासाठी राखून ठेवावी, आणि संदर्भ लहान असेल तर त्यातली सगळीच घ्यावी. केवळ काळी, कोळशाने भरलेली माती घेण्याचा मोह टाळावा, कारण चुलीबाहेरच्या साध्या मातीत काय आहे हे माहीत नसेल तर चुलीत जे सापडले ते विशेष आहे की सर्वत्रच पसरलेले आहे हे सांगता येत नाही.

कोरड्या चाळणीसाठी जाळीचा आकार आधीच ठरवून तो अहवालात नमूद करावा. नुसत्या हाताने वेचणी केली की मोठ्या जनावरांची लांब हाडे टोपलीत जमा होतात आणि मासे, पक्षी, उंदीर, सरडे मातीच्या ढिगात जातात. ग्रीसमधील सितागरोई येथे सेबॅस्टियन पेन यांनी वेचून झालेली माती पुन्हा चाळून पाहिली, तेव्हा लहान प्राण्यांच्या बाबतीत हातवेचणी किती फसवी असते हे स्पष्ट झाले. इंग्लंडमधील स्टार कार या मध्याश्मयुगीन स्थळाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. ग्रॅहम क्लार्क यांनी १९४९ ते १९५१ या काळात ते खणले. सरोवराच्या काठावरची ही वसाहत, तरी माशाचे एक हाड तिथे मिळाले नाही, आणि माशांच्या या अनुपस्थितीचे स्पष्टीकरण शोधण्यात पुढची कितीतरी वर्षे गेली. अलीकडच्या उत्खननात माती बारकाईने चाळून तपासल्यावर तिथे पाइक आणि पर्च या माशांचे अवशेष मिळाले. म्हणून किमान नमुन्यादाखल तरी २ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळी वापरावी, आणि ती वापरली नसेल तर मासे खात नव्हते असे विधान करू नये.

बियांसाठी माती पाण्यात तरंगवावी लागते. १९६८ मध्ये स्टुअर्ट स्ट्रूव्हर यांनी ही पद्धत पुरातत्त्वात रूढ केली. तिच्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. मोठे पिंप किंवा बादली, पाणी, तरंगलेला कोळसा धरण्यासाठी पाव ते अर्धा मिलिमीटर जाळीची चाळणी आणि तळाशी बसलेल्या जड गाळासाठी १ मिलिमीटरची जाळी एवढे साहित्य पुरते. माती पाण्यात हलकेच ढवळावी, तरंगलेला भाग चाळणीवर ओतून घ्यावा आणि ओल्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून सावलीत टांगावा. उन्हात वाळवला तर जळके दाणे तडकतात आणि भिंगाखाली तुकड्यांखेरीज काही उरत नाही. तळाचा गाळही फेकू नये, त्यात माशांचे मणके आणि फळांच्या जड आठळ्या असतात.

आपली पद्धत किती दाणे गमावते हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. खसखशीचे दाणे झाकलेल्या भांड्यात, हवा न लागता, काळे होईपर्यंत तापवावेत, त्यांतले मोजून १०० दाणे मातीच्या नमुन्यात मिसळावेत आणि शेवटी किती परत आले ते मोजावे. शंभरातले तीसच परत आले तर वाळूच्या कणाएवढ्या बारीक रानटी बियांबाबत आपल्या आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा हे आपोआप कळते. ही चाचणी आपल्याकडे फारशी केली जात नाही, आणि माझ्या मते ती प्रत्येक उत्खननात सक्तीची असावी.

हाडांना काय विचारावे

हाडे आली की आधी प्राणी ओळखण्याची घाई होते. तिच्याआधी एक वेगळा प्रश्न सोडवावा : हे हाड इथे कोणी आणले? साळिंदर हाडे कुरतडण्यासाठी आपल्या बिळात ओढून नेते, तरस आणि बिबट्या आपापल्या जागी ढीग करतात, पुराचे पाणीही हाडे गोळा करते. साळिंदराच्या दातांचे रुंद, सपाट, एकमेकांना समांतर चर हाडाच्या कडेला दिसतात. मांसाहारी श्वापदाच्या सुळ्याने गोल खळगे पडतात आणि हाडांची मऊ टोके नाहीशी होतात. दगडी पात्याची खूण याहून निराळी असते. ती अरुंद आणि खोल असते, तिचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि भिंगाखाली तिच्या आत बारीक समांतर रेषा दिसतात. जनावरांच्या पायांखाली तुडवलेल्या हाडांवरही चरे पडतात, पण ते उथळ, पुष्कळ आणि वाटेल त्या दिशेचे असतात. खूण कशी आहे याइतकेच ती कुठे आहे हेही महत्त्वाचे आहे. सांध्याजवळच्या आडव्या खुणा अवयव सुटा केल्याच्या असतात, लांब हाडाच्या मधल्या भागावरच्या खुणा मांस सोडवल्याच्या, आणि कवटीवर किंवा खुरांजवळच्या हाडांवर असलेल्या खुणा बहुधा कातडे काढल्याच्या. कातडे काढल्याची खूण मांस खाल्ल्याचा पुरावा होत नाही.

हाड ताजे असताना फोडले की त्याची कड वळसा घेत, गुळगुळीत फुटते आणि दगडाच्या आघाताची खाच राहते. अशी फूट मज्जेसाठी केलेली असते. वाळलेले हाड आडवे, खरबरीत तुटते. जळलेल्या हाडाचा रंग नोंदवावा, कारण काळे हाड साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सियसला होते आणि पांढरे, खडूसारखे हाड सुमारे ६५० अंशांच्या पुढे. मात्र प्रत्येक जळके हाड भाजलेल्या मांसाचे समजू नये. मांसाने झाकलेला भाग विस्तवापासून बचावतो आणि उघडे टोक जळते. सगळेच हाड पांढरे झाले असेल तर जेवणानंतर ते चुलीत टाकलेले असण्याची शक्यता अधिक.

यानंतर कोणती हाडे मुळात टिकतात, हे पाहावे. नामिबियातील कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांत माणसांनी खाऊन आणि कुत्र्यांनी चघळून टाकलेली शेळ्यांची हाडे सी. के. ब्रेन यांनी गोळा केली. तेव्हा पुढच्या पायातील वरच्या हाडाचे कोपराकडचे टोक मुबलक मिळाले आणि त्याच हाडाचे खांद्याकडचे टोक जवळपास नव्हतेच. दोन्ही टोके एकाच शेळीची, दोन्ही तिथेच टाकलेली, पण एक घट्ट आणि दुसरे स्पंजासारखे. तेव्हा शिकाऱ्यांनी अमुक अवयव तळावर आणला नाही असे लिहिण्याआधी त्या अवयवाची हाडे घनतेने कमी आहेत का हे तपासणे बंधनकारक आहे.

ओळख पटवताना आपल्याकडे दोन अडचणी वारंवार येतात. पहिली शेळी-मेंढी आणि लहान कुरंग यांची. काळवीट, चिंकारा, शेळी आणि मेंढी यांचे तुटके अवशेष एकमेकांसारखे दिसतात, आणि याच कारणाने मध्य प्रदेशातील आदमगड किंवा राजस्थानातील बागोर येथील मध्याश्मयुगीन थरांत पाळीव जनावरे होती की नाही यावर वाद झाले. दमदम्याचे प्राणी मात्र रानटीच आहेत : चितळ, बारशिंगा, पाडा (हॉग डिअर हे लहान हरीण), नीलगाय, गवा, रानडुक्कर, शिवाय गेंड्यासारखे मोठे प्राणी, कासवे, मासे आणि पक्षी. संग्रहालयात तुलनेसाठी ओळखलेले सांगाडे उपलब्ध नसतील तर अशी हाडे 'लहान आकाराचा रवंथी प्राणी' एवढ्याच नोंदीवर थांबवावीत. ही अर्धवट नोंद चुकीच्या अचूक नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगाची असते.

दुसरी अडचण कासवांची. गंगेच्या मैदानातील मऊ पाठीच्या कासवांचे कवच अनेक तकटांचे असते आणि त्यांच्या पृष्ठभागावर खळगे व नागमोडी उंचवटे यांची नक्षी असते. नखाएवढा तुकडासुद्धा या नक्षीमुळे चटकन ओळखू येतो. त्याच आकाराचा हरणाच्या बरगडीचा तुकडा मात्र 'अनोळखी' म्हणून बाजूला पडतो. परिणामी तुकड्यांच्या संख्येत कासव फुगते आणि हरीण आक्रसते. म्हणून ओळखलेल्या तुकड्यांची संख्या आणि प्राण्यांची किमान संख्या असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी द्यावेत. दुसरा आकडा एकाच बाजूचे एकच हाड किती वेळा आले यावरून काढतात. तो दुर्मीळ प्राण्यांना वाजवीपेक्षा मोठे करतो आणि लहान नमुन्यात फार डळमळीत असतो, पण दोन्ही आकडे एकाच दिशेने बोलत असतील तर विधान करायला धीर येतो.

हाड खाण्याखेरीज इतर कामांसाठीही आणले जाते. गुजरातमधील लांघणज येथे १९४० च्या दशकात ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन सुरू केले. तिथे मिळालेल्या गेंड्याच्या खांद्याच्या फाकेवर ठोके मारल्याचे खळगे आहेत आणि तिचा ऐरण म्हणून वापर झाला असावा असा अर्थ लावण्यात आला. ती फाक आहाराच्या तक्त्यात सरसकट घालता येणार नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्तर पुराश्मयुगीन (मध्याश्मयुगाच्या आधीच्या काळातील) शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचेही तसेच आहे. कवचावर नक्षी आहे, त्याचे मणी केलेले आहेत, पण ते अंडे खाल्ले गेले की रिकामे कवच वाळूतून उचलले गेले हे कवच स्वतः सांगत नाही. भीमबेटकाच्या भिंतींवरील शिकारीची किंवा कोकणातील कातळशिल्पांमधील जनावरांची चित्रे आहाराच्या पुराव्यात मोजण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

वनस्पती : जी जळली तीच उरली

उघड्या, उष्ण आणि पावसाळी प्रदेशात न जळलेले बी हजारो वर्षे टिकत नाही. त्यामुळे दमदम्यासारख्या स्थळी काळे न पडलेले ताजे बी मिळाले तर ते मुंगी, वाळवी किंवा उंदराने खाली नेलेले आजचे बी आहे असेच धरावे. महाराष्ट्रातील काळ्या मातीत ही दक्षता दुप्पट हवी, कारण उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांतून वरचे बी एका हंगामात हातभर खाली जाते. जळलेले बीसुद्धा वरून घरंगळलेले असू शकते, म्हणून महत्त्वाचे दावे करण्याआधी त्या दाण्याचाच रेडिओकार्बन दिनांक काढून घ्यावा. शेजारच्या कोळशाचा दिनांक दाण्याला लावू नये.

दमदम्यातील जळक्या अवशेषांत चाकवत, घोळ, बोर आणि रानगवते यांची नोंद आहे. मराठी वाचकाला ही नावे परकी नाहीत, पण नेमके म्हणूनच सावध राहावे. चाकवताची आणि घोळाची बी वसाहतीभोवतीच्या उकरलेल्या जमिनीत आपोआप उगवणाऱ्या तणाचीही असू शकते, आणि शेण सरपण म्हणून जाळले तर जनावराच्या पोटातील बियाही चुलीत येतात. पाळीव जनावरे नसलेल्या स्थळी ही दुसरी शक्यता कमी होते. बी एकाच चुलीत ढिगाने मिळते की सर्वत्र एकेक, तिच्यासोबत टरफले आहेत का आणि चुलीबाहेरच्या नमुन्यांत तिचे प्रमाण काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की अन्न आणि तण वेगळे करता येतात. बोराची आठळी याबाबत कमी संदिग्ध असते, कारण गर खाऊन आठळी विस्तवात फेकणे ही माणसाचीच सवय.

जे मुळीच उरत नाही त्याचा विचार इथेच करावा. मध, मोहाची फुले, पालेभाजी, अळंबी आणि बहुतेक कंद कोळशाच्या रूपाने क्वचितच मागे राहतात. इस्राएलमधील गॅलिली सरोवराची पातळी १९८९ मध्ये घटली तेव्हा ओहालो-२ ही सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची वसाहत उघडी पडली. पाण्याखाली, प्राणवायूविना राहिल्यामुळे तिथून ९०,००० हून अधिक वनस्पती-अवशेष मिळाले, आणि त्यांत रानटी जव, गहू, बदाम, द्राक्षे अशी विलक्षण विविधता होती. अशी वसाहत एखाद्या कोरड्या टेकाडावर असती तर तिथल्या माणसांना आपण हरणाचे मांस खाणारे शिकारी म्हणून मोकळे झालो असतो.

ही पोकळी भरण्यासाठी आजच्या समाजांकडे पाहिले जाते. मालती नगर आणि वि. ना. मिश्र यांनी गंगेच्या मैदानातील कंजर या शिकारी-संकलक समाजाच्या शिकारीचा व संकलनाचा अभ्यास केला, आणि सह्याद्रीतील कातकरी आजही कडू कंद काप करून, वाहत्या पाण्यात ठेवून आणि उकडून खाण्याजोगे करतात. अशा माहितीचा उपयोग कोणत्या वनस्पती शक्य होत्या, त्यांना किती श्रम लागतात आणि कोणता कचरा मागे राहतो हे समजण्यासाठी करावा. त्यावरून थेट दमदम्याच्या माणसांचे ताट वाढू नये. एक काम मात्र प्रत्येक अभ्यासकाने स्वतः करावे : परिसरातील कंद, फळे आणि बिया जाळून त्यांचा तुलनासंग्रह तयार करावा. जळलेल्या कंदाचा तुकडा सच्छिद्र कोळशासारखा दिसतो, आणि त्याच्या पेशींची रचना एकदा ओळखीची झाली की 'कोळसा' म्हणून फेकलेल्या पुड्यांतूनही कंद सापडू लागतात.

पाटा धुऊ नका

गंगेच्या गाळाच्या मैदानात दगड नाही. दमदम्याला सापडलेला प्रत्येक पाटा आणि वरवंटा दक्षिणेकडील विंध्याच्या परिसरातून वाहून आणलेला आहे. एवढे ओझे वाहून आणले याचा अर्थ दळणे-वाटणे हे त्या जीवनातील दुय्यम काम नव्हते. पण काय दळले? धान्य, कंद, वाळवलेले मांस, गेरू, औषधी मुळ्या, सगळेच शक्य आहे.

उत्तर दगडाच्या छिद्रांत अडकलेल्या स्टार्चकणांत असते, आणि आपल्याकडची उत्खननाची रीत ते पहिल्याच संध्याकाळी धुऊन टाकते. सापडलेली वस्तू टबात घासायची, वाळवायची, तिच्यावर क्रमांक लिहायचा ही शिस्त खापरांसाठी ठीक आहे. दळण्याचे निदान काही दगड मातीसकट, हात न लावता, स्वच्छ नव्या पिशवीत ठेवावेत आणि त्यांच्या खालची व बाजूची माती वेगळी घ्यावी, म्हणजे कण दगडावरचेच आहेत की आसपासच्या मातीतून आले हे तपासता येते. प्रयोगशाळेत दगडाची कोरडी धूळ, पाण्याने निघालेला भाग आणि अतिध्वनी लहरींनी छिद्रांतून सुटलेला भाग असे तीन नमुने वेगळे ठेवावेत. शेवटच्या नमुन्यातच वापराचे कण अधिक असतील तर विश्वास वाढतो. पावडर लावलेले हातमोजे टाळावेत, कारण त्यांतली पावडर बहुधा मक्याच्या स्टार्चची असते आणि प्रयोगशाळेच्या हवेतही आजचे स्टार्च तरंगत असते. शिजवल्याने स्टार्चकण फुगून फुटतात, म्हणून चांगले जपलेले कण बहुधा कच्च्या दळणाचे असतात. हीच तपासणी दातांवरच्या कीटणातही, म्हणजे दातांवर साचून कडक झालेल्या थरातही, करता येते. बेल्जियममधील स्पी आणि इराकमधील शानिदार येथील निअँडरथलांच्या कीटणातून स्टार्चकण मिळाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निव्वळ मांसाहारी निअँडरथल या चित्राला त्यामुळे छेद गेला. म्हणून दफनांतील दात ब्रशने घासून 'स्वच्छ' करू नयेत.

दात आणि समस्थानिके

हाडे आणि बिया वसाहतीचा कचरा दाखवतात, तर दात आणि माणसाचे हाड प्रत्यक्ष खाणाऱ्याविषयी बोलतात. दमदम्याच्या दातांत कीड फार कमी आहे आणि झीज पुष्कळ आहे. कमी कीड म्हणजे चिकट, शिजवलेल्या पिठूळ अन्नाचे प्रमाण शेतकरी समाजांपेक्षा कमी असावे, तर झीज तंतुमय अन्नाची आणि पाट्याच्या दगडातून अन्नात उतरलेल्या कचेची. कीड मोजताना मृत्यूपूर्वी पडलेले दात आणि व्यक्तीचे वय यांची नोंद अवश्य करावी, कारण तरुणांच्या कबरी अधिक असतील तर कीड आपोआपच कमी दिसते.

कार्बन आणि नायट्रोजन यांच्या स्थिर समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) पद्धत आज सर्वाधिक भुरळ पाडते. झाडे, कंद आणि बहुतेक फळे यांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या मार्गामुळे त्यांचे कार्बनमूल्य (जड आणि हलक्या कार्बनचे प्रमाण, ठरावीक मानकाच्या तुलनेत दर हजारी) सरासरी उणे २६ च्या आसपास असते, तर उष्ण प्रदेशातील अनेक गवतांचे उणे १२-१३ च्या आसपास. अन्नसाखळीत एक पायरी वर गेले की नायट्रोजनमूल्य साधारण ३ ते ५ एककांनी वाढते. भारतात ही आकडेमोड युरोपातून जशीच्या तशी उचलू नये. माणसाच्या हाडात गवताची खूण मिळाली म्हणून त्याने गवताचे दाणे खाल्ले असे ठरत नाही, कारण गवत चरणाऱ्या बारशिंग्याचे मांस खाल्ले तरी तीच खूण उमटते. भाज्यांतही एकवाक्यता नाही : घोळाचा मार्ग गवताचा आहे आणि तिच्या शेजारी उगवणाऱ्या चाकवताचा झाडांचा. म्हणून त्याच थरांतील हरणे, डुकरे, कासवे आणि मासे यांची मूल्ये आधी काढावीत आणि मगच माणसाकडे वळावे. ही पायाभूत मोजणी नसेल तर माणसाचे मूल्य छापण्यात अर्थ नाही.

उष्ण आणि दमट मातीत हाडातील कोलॅजन, म्हणजे ज्यावर ही मोजणी होते ते प्रथिन, लवकर नाहीसे होते, ही आपल्याकडची मोठी अडचण. ताज्या हाडात वजनाच्या सुमारे पाचव्या भागाइतके कोलॅजन असते. प्राचीन हाडात ते १ टक्क्याहून कमी उरले असेल, किंवा त्यातील कार्बन-नायट्रोजन अणूंचे गुणोत्तर २.९ ते ३.६ या मर्यादेबाहेर असेल, तर ते मूल्य रद्द समजावे, मग निष्कर्ष कितीही मनाजोगता असो. कोलॅजन मुख्यतः प्रथिनांची खबर देते, त्यामुळे कंद आणि मध भरपूर खाणाऱ्याचेही कोलॅजन मांसाहाऱ्यासारखे भासू शकते. दंतवल्काच्या (दाताच्या कठीण बाह्य आवरणाच्या) खनिजातील कार्बन संपूर्ण आहाराचा असतो आणि ते अधिक टिकते, पण ते बालपणीचे असते. पहिल्या दाढेचे वल्क जन्मापासून तीन वर्षांपर्यंत घडते, आणि त्या वयात अंगावरच्या दुधाने नायट्रोजनमूल्यही वर चढलेले असते. म्हणून तान्ह्या मुलांची मूल्ये प्रौढांच्या सरासरीत मिसळू नयेत.

ऋतू

वसाहत वर्षभर होती की हंगामी, हे कळल्याशिवाय आहाराचे चित्र अर्धवट राहते. क्लार्क यांनी स्टार कार ही हिवाळी वसाहत मानली ती लाल हरणाच्या शिंगांवरून. पण शिंगे हत्यारांसाठी साठवली जातात. १९८८ मध्ये लेग आणि रोली-कॉनवी यांनी हरणांच्या दातांवरून तो मुक्काम उन्हाळ्याच्या सुमाराचा ठरवला. गंगेच्या मैदानात शिंगांचा आधार आणखी लटका आहे, कारण चितळाच्या नरांची शिंगे वर्षभरात केव्हाही गळतात. बारशिंग्याचे चक्र ऋतूशी अधिक बांधलेले असते, तरी साठवणुकीचा आक्षेप तिथेही उरतोच. पिल्लांच्या दुधाच्या दातांची झीज, दातांच्या मुळाशी साचणारी वार्षिक वलये आणि माशांच्या कानातील खडे हे अधिक भरवशाचे. स्कॉटलंडच्या ओरोन्से बेटावर अशा खड्यांच्या आकारावरून शिंपल्यांचे वेगवेगळे ढीग वेगवेगळ्या ऋतूंत रचले गेल्याचे दाखवता आले. बोरे थंडीची, पण ती वाळवून ठेवता येतात, म्हणून एकट्या बोरावरून हिवाळा सिद्ध होत नाही.

हिशेब कुठवर करावा

हाडांवरून मांसाचे किलो आणि किलोंवरून उष्मांक काढण्याची पद्धत आहे. ती एका कामासाठी उत्तम : डोळ्यांना मोठी दिसणारी गोष्ट खरोखर किती मोठी होती हे तपासण्यासाठी. जेफ बेली यांच्या गणितानुसार एका लाल हरणाएवढे उष्मांक मिळवायला सुमारे ५२,००० कालवे लागतात. शिंपल्यांच्या डोंगराएवढ्या ढिगावरून भारावून जाणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा. दुसरी मर्यादा शरीराची आहे. माणसाला एकूण उष्मांकांपैकी साधारण ३५ टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांतून दीर्घकाळ सोसत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस हरणे रोडावतात आणि त्यांच्या अंगावर चरबी उरत नाही, तेव्हा केवळ त्यांच्या मांसावर राहणे शक्य नसते. अशा वेळी मज्जेसाठी फोडलेली हाडे, चरबीची कासवे व मासे आणि पिठूळ कंद यांचे महत्त्व वाढते. आहारात वनस्पती होत्याच, हे बियांच्या पुराव्याआधी शरीरशास्त्र सांगते. मात्र मांस ६० टक्के, वनस्पती ४० टक्के अशा आकड्यांना मी फार किंमत देत नाही. समस्थानिकांच्या मूल्यांवरून अन्नांचे प्रमाण काढणारी संगणकीय मिश्रण-प्रतिमाने मागितले की आकडा देतातच, पायाभूत मूल्ये चार असोत वा चाळीस.

मांडणी

अहवालात प्रत्येक अन्नापुढे पुराव्याची प्रत लिहावी. माणसाने वसाहतीत आणले, माणसाने हाताळले, माणसाने खाल्ले आणि नेहमी खाल्ले, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीसाठी वेगळा पुरावा लागतो. चितळाच्या पायावर मांस सोडवल्याच्या खुणा असतील आणि तेच हाड मज्जेसाठी ताजे फोडलेले असेल तर ते तिसऱ्या पायरीवर ठेवता येते. चाकवताची विखुरलेली बी पहिल्या पायरीवरही अडखळते. चौथी पायरी एकट्या कचऱ्यावरून गाठता येत नाही, तिच्यासाठी दात किंवा समस्थानिके यांची साथ लागते. दोन पुरावे परस्परविरोधी बोलले, उदाहरणार्थ पाटे भरपूर पण कीड नगण्य, तर त्यांतला एक खोडून टाकू नये. पाट्यावर पिठाऐवजी बोरे, मांस किंवा गेरू वाटला असेल, किंवा पीठ होते पण ते चिकट लापशी न होता भाजून खाल्ले जात असेल, अशा पर्यायांची नोंद करून कोणत्या चाचणीने निवाडा होईल ते लिहावे.

तो निवाडा नंतर करता यावा म्हणून उत्खनन संपताना प्रत्येक मुख्य संदर्भाची न चाळलेली काही माती, न धुतलेले निदान दोन पाटे आणि कीटणासकट काही दात सीलबंद करून, खड्डा, थर, खोली व तारीख यांच्या पक्क्या शाईच्या चिठ्ठ्या पिशवीच्या आत आणि बाहेर लावून ठेवावेत, आणि त्यांची यादी अहवालातच छापावी.